देशमुखांच्या नऊ रायफली

आमच्या गुंडेराव देशमुखांना बंदुकीतलं काही कळत नव्हतं असं कुणी म्हणालं, तर मी त्याच्याशी भांडेन. त्यांना सगळं कळत होतं. नळी हातात घेतली की ती कुठल्या कारखान्याची हे नाव न वाचता सांगायचे. अक्रोडाच्या दस्त्यावरच्या रेषा बघून झाड किती जुनं असेल यावर अर्धा तास बोलायचे. विलायतेहून अंगाच्या मापानं बनवून घेतलेल्या नऊ रायफली त्यांच्या दिवाणखान्यात काचेच्या कपाटात उभ्या होत्या. बिदरपासून गुलबर्ग्यापर्यंत कुणाकडं तसा संग्रह नव्हता. पण त्यांतली एकही त्यांनी आपल्या अंगाला नीट बसू दिली नाही. हे त्यांना ठाऊक होतं आणि मला ठाऊक होतं. बाकीच्यांना ठाऊक नव्हतं, आणि मेले ते बाकीचेच.

मी किशनराव, त्यांच्या बंदूकखान्याचा कारकून. निर्ण्याहून दोन कोसांवर आमचं गाव. माझा थोरला भाऊ आप्पाराव रानात राबला, म्हणून मी चार बुकं शिकलो आणि पुढं बोलारमच्या छावणीत राहून बंदुका उघडायला, पुसायला, जोडायला शिकलो. मला देशमुखांनी ठेवून घेतलं आणि मागोमाग आप्पारावालाही घेतलं. तो हाकेकऱ्यांचा म्होरक्या झाला. हाकेकरी म्हणजे पत्र्याचे डबे आणि हलगी बडवत, पायी, वाघाला झाडीतून माळ्याकडं हुसकणारी माणसं. देशमुख झाडावर बांधलेल्या माळ्यावर बसायचे, मी त्यांच्या शेजारी दुसरी रायफल भरून धरायचो, आणि माझा भाऊ खाली गवतात असायचा.

पहिल्या रायफलीचं माप द्यायला आम्ही हैदराबादेस गेलो ते साल फसली तेराशे छत्तीस, म्हणजे एकोणीसशे सव्वीस. दुकान मोठं होतं, गोऱ्या साहेबांची तिथं ये-जा असे. मागच्या खोलीत एक म्हातारा मिस्त्री बसायचा. त्याच्याजवळ मापाची एक खोटी बंदूक होती. तिचा दस्ता बिजागऱ्यांवर लांब-आखूड व्हायचा, डावी-उजवीकडं वळायचा. गिऱ्हाइकानं ती खांद्याला लावायची, मिस्त्रीनं बिजागऱ्या आवळून मापं लिहून घ्यायची, आणि ती मापं बोटीनं विलायतेला जायची. हाताची लांबी, मानेची उंची, गालाचं हाड आणि डोळा, या चार गोष्टींवर रायफल बनते. शिंपी अंगरखा शिवतो तसंच हे काम, फक्त इथं चुकलं तर माणूस जातो.

मिस्त्री म्हणाला, "आँखाँ मूंद लेव हुजूर, फिर एकदम उठाव."

देशमुखांनी डोळे मिटले आणि बंदूक उचलली. ती सरळ डाव्या खांद्याला गेली, अगदी पाणी उताराला जावं तशी. गाल दस्त्यावर टेकला, डावा डोळा उघडला आणि नळीच्या टोकावरच्या माशीवर स्थिरावला. इतकी सुंदर उचल मी छावणीतही पाहिली नव्हती.

"माशाल्ला," मिस्त्री म्हणाला. "हुजूर डावे हैं."

देशमुखांनी त्याच्या कानफटात मारली. म्हाताऱ्याचा चष्मा उडून भिंतीवर फुटला, ओठातून रक्त आलं. मारलेला हातही डावाच होता, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. मग त्यांनी ती खोटी बंदूक उजव्या खांद्याला लावली, मान वाकडी करून डोळा कसाबसा रेषेत आणला आणि म्हणाले, "हे माप लिव्ह." म्हाताऱ्यानं ओठ पुसला आणि लिहिलं.

परतीच्या गाडीत त्यांनी मला विचारलं की मी आत काय पाहिलं. मी म्हणालो, काही नाही. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. महिन्याभरात मला कोट मिळाला, राहायला खोली मिळाली. माझी जीभ किती स्वस्तात गेली, याची लाज मला आजही वाटते.

त्यांच्या डाव्या तळहातावर आडवा डाग होता. तो कसला हे मला त्यांच्या घरच्या स्वयंपाकीण नागूबाईंनी सांगितलं. पाच वर्षांचं पोर पंगतीत डाव्या हातानं जेवताना दिसलं, म्हणून त्याच्या बापानं, थोरल्या देशमुखांनी, चुलीतला उलथना लाल करून त्याच्या हातावर दाबला होता. नागूबाई म्हणाल्या, मांस जळाल्याचा वास दोन दिवस स्वयंपाकघरातून गेला नाही. डावखुरा देशमुख म्हणजे घराण्याला बट्टा. खंडेनवमीला सगळी शस्त्रं घोंगडीवर मांडायची, गावासमोर पूजा करायची आणि देशमुखानं त्यातलं पहिलं शस्त्र उजव्या हातानं उचलायचं, ही त्या घरची रीत. डाव्या हातानं उचललं तर पीक बुडतं, वंश बुडतो, असं काहीबाही सांगत. पोर उजव्या हातानं जेवायला शिकलं, लिहायला शिकलं. डोळा मात्र कुणाला डागता आला नाही.

आता परिणाम ऐका. उजव्या खांद्यावरून डावा डोळा नेम धरायला गेला, की गोळी वीतभर डावीकडं जाते. शांतपणे, मडक्यावर, मालक एक डोळा मिटून मारायचे तेव्हा चालून जायचं. पण वाघ झाडीतून उसळला की कुणी डोळा मिटून बसत नाही. मग खांद्यात जायची गोळी पोटात जायची नाहीतर कुल्ल्यात. जनावर मरायचं नाही. डरकाळी फोडून गवतात शिरायचं, आणि त्याच्या मागं रक्त बघत जायचं काम हाकेकऱ्यांचं.

पहिली रायफल आली त्या उन्हाळ्यात बिबट्यानं गुंडप्पाचा खालचा जबडा ओढून काढला. तो तीन दिवस जिवंत होता. पाणी पाजलं तर गळ्यावरून छातीवर यायचं. मालक हळहळले, घरी ज्वारीची पोती पाठवली आणि रायफलीचा तोल पुढं जातो असं सांगून दुसरी मागवली. दुसरीचा चाप जड निघाला. तिसरीचा धक्का फार. चौथ्या रायफलीच्या वेळी महादेवप्पाला रानडुकरानं मांडीपासून बेंबीपर्यंत उभा फाडला. माझ्या भावानं त्याची आतडी स्वतःच्या धोतरात बांधून त्याला पाठीवर आणला, आणि वेशीपाशी आणेपर्यंत तो गार झाला होता. त्याचं रक्त आप्पारावाच्या पाठीवर वाळून पापुद्र्यासारखं निघालं. मालकांनी पाचवीचं पत्र मला त्याच आठवड्यात लिहायला लावलं.

आणि मी लिहिलं. खरं सांगायचं तर मलाही नव्या पेटीची ओढ लागलेली असायची. पितळी कोपऱ्यांची चामडी पेटी उघडली की तेलाचा आणि मखमलीचा वास यायचा. पोलादावर बारीक वेलबुट्टी, दुनळीच्या बगलेला कोरलेला वाघ. तो विलायती कारागिरानं कधी वाघ न पाहता कोरलेला असावा, कारण एका रायफलीवर तो गोठ्यातल्या बोक्यासारखा बसला होता. आम्ही दोघं त्यावर पोट धरून हसलो. दस्त्याला जवसाचं तेल तळहातानं चोळताना लाकडातला रंग वर यायचा आणि मी मेलेली माणसं विसरून जायचो. मालक तर विसरायचेच.

आठवी आली तोवर चार मेले होते आणि तिघं लुळे होऊन घरी बसले होते. माझी वहिनी गीताबाई एकदा माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. ती कधी काही मागणारी नव्हती. म्हणाली, मालकांना सांगून यांना हाक्यातून काढा, गोठ्यात शेण काढायला ठेवा, पण रानात नको. मी आप्पारावाला तसं बोललो तर तो हसला. आपण कसतो ती जमीन देशमुखांची, मी नाही गेलो तर दुसऱ्याचं पोर जाईल, असं म्हणाला. मी त्या दिवशी ठरवलं की नववी रायफल मालकांच्या खऱ्या अंगाची यायची.

माप द्यायला मी एकटाच हैदराबादेस गेलो. म्हातारा मिस्त्री अजून होता. मी त्याला डाव्या खांद्याची रायफल सांगितली. त्यानं जुनी वही काढली. चपराक खाल्ली त्याच दिवशी त्यानं दोन्ही खांद्यांची मापं लिहून ठेवली होती. बोट ठेवून म्हणाला, "येइच सच्चा नाप है." मी खाली मालकांची सही केली.

चौदा महिन्यांनी पेटी आली. मालकांनी रायफल सवयीनं उजव्या खांद्याला लावली. दस्ता उलटीकडं वळलेला होता, गालाचा उंचवटाही उलट्या बाजूला. त्यांना क्षणात कळलं. खोलीत आम्ही दोघंच होतो. त्यांनी ती डाव्या खांद्याला नेली, हळूच, कुणाचं पोर उचलावं तशी. ती बसली. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होतो. माणसाला इतकं सुख झालेलं मी फार वेळा पाहिलेलं नाही. 

मग त्यांनी रायफल मखमलीवर ठेवली, नळी पुसायची लोखंडी सळई घेतली आणि मला मारायला लागले. मी हात आडवे केले, तर माझी दोन बोटं मोडली. पडलो तर पाठीवर मारलं. मधेच म्हणायचे, "माझी लाज विलायतेला लिवून पाठवलास?" सळई वाकली तेव्हा थांबले. दुसऱ्या दिवशी गावच्या सुताराला बोलावलं. त्यानं रंध्यानं गालाचा उंचवटा तासून सपाट केला आणि दस्त्याची डावी कड उतरवली. दोनशे वर्षांच्या अक्रोडाच्या चिपा जमिनीवर पडत होत्या आणि मालक तोंड फिरवून उभे होते. मला माझ्या बोटांपेक्षा ते जास्त दुखलं, असा मी मूर्ख माणूस.

त्या चैत्रात चिंचोळीच्या रानात वाघाची खबर आली. तालुकदार साहेब दुपारच्या जेवणाला यायचे होते, त्यांना नव्या रायफलीनं मारलेला वाघ दाखवायचा बेत होता. सकाळी हाका सुरू झाला. माझ्या मोडक्या बोटांना पट्टी होती, तरी आठवी भरून मी माळ्यावर शेजारी बसलो. वाघ ओढ्याच्या काठानं आला, थांबला, मान वळवली. चाळीस पावलांवर. मालकांनी उजव्या खांद्यावरून नववी उडवली. वाघ मागच्या पायावर बसला, उठला, आणि आतडं लोंबत असतानाच गवताच्या पट्ट्यात शिरला.

हाकेकरी गोळा झाले. आप्पाराव म्हणाला, गावातून म्हशी आणू. जखमी वाघाच्या गवतात म्हशींचा कळप घालायचा, त्या वासानं त्याला शोधतात आणि शिंगांवर घेऊन बाहेर काढतात, हीच आमच्याकडची शहाणी पद्धत. त्याला दोन तास लागले असते. मालक म्हणाले, तेवढा वेळ नाही, साहेब निघाले असतील, आत शिरा.

आप्पाराव बारा वर्षांत पहिल्यांदा जागचा हलला नाही. शांतपणे म्हणाला, "मालक, आज तुमीबी संगं चला."

अकरा माणसं बघत होती. मालक माळ्यावरून उतरले.

आप्पाराव पुढं, त्याच्या हातात फक्त कुऱ्हाड. मागं मालक नववी घेऊन, त्यांच्या मागं मी आठवी घेऊन. गवत कमरेएवढं होतं आणि त्याच्या पात्यांवर रक्ताबरोबर पोटातला हिरवा चोथा लागलेला होता. वीस पावलं गेलो असू. डरकाळी आली नाही. वाघ डावीकडून नुसताच आला आणि आप्पारावाला खांद्याला धरून खाली पाडलं. त्यानं कुऱ्हाड एकदा चालवली, ती कानाला लागली. मग वाघानं त्याची मान पकडली आणि झटका दिला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला.

मालकांपासून ते दहा पावलांवर होतं. वाघाची आख्खी बाजू समोर उघडी होती. त्यांनी रायफल उजव्या खांद्याला लावली, मान वाकडी केली आणि चाप ओढला. गोळी डावीकडं मातीत गेली. मग दुसऱ्या नळीचा चाप ओढला. ती वाघाच्या मानेपुढून निघून गेली. माझा भाऊ अजून पाय झाडत होता.

वाघानं त्याला सोडलं, तोंड वर केलं आणि आमच्याकडं वळला. मालकांनी रिकामी नववी माझ्याकडं फेकली, मी आठवी त्यांच्या हातात दिली. वाघ उसळला. आणि त्या माणसानं आठवी उचलली ती डाव्या खांद्याला. आठवीचा दस्ता तर उजव्या मापाचा होता, तरीसुद्धा. विचार केला नाही, मान वाकडी केली नाही, इकडंतिकडं बघितलं नाही. एकच गोळी, दोन डोळ्यांच्या मधोमध. वाघ त्यांच्या बुटांपासून दोन हातांवर येऊन पडला आणि पुन्हा हलला नाही.

मी आप्पारावाजवळ गेलो. मान एका कातड्यावर राहिली होती. डोळे उघडे होते, पण त्यात तो नव्हता. त्याच्या तोंडातली माती मी बोटानं काढली, का काढली कुणास ठाऊक. हाकेकरी भोवती येऊन उभे राहिले. मी उठलो तेव्हा मालक रायफल घाईघाईनं उजव्या हातात घेत होते.

मी म्हणालो, "माझ्या भावाच्या जिवाला उजवा, अन् तुमच्या जिवाला डावा व्हय, मालक?"

त्यांनी माझ्या भावाकडं बघितलं नाही. हाकेकऱ्यांकडं बघितलं, आणि हलक्या आवाजात म्हणाले, "हळू बोल किशन. माणसं ऐकायलेत."

एवढंच बोलले नसते तर कदाचित मी काही केलं नसतं. मी नववी नळीकडून धरली. साडेपाच शेराची रायफल. पहिला घाव त्यांच्या उजव्या दंडावर घातला, ते गुडघ्यावर आले. हात जमिनीवर टेकला होता. मनगटावर दुसरा घातला, तिसरा घातला, बोटांवर घातला. हाडं आधी वाजली आणि मग वाजेनाशी झाली. ते ओरडत होते. अकरा माणसांतला एकही पुढं आला नाही. रायफलीचा दस्ता नळीजवळ मोडला तेव्हा मी थांबलो आणि म्हणालो, आता उरलेला जन्म डाव्यानंच जेवा.

दोन दिवसांनी पोलीस अमीन चौकशीला आला. मी हातकड्यांची वाट बघत ओसरीवर बसलो होतो. पण आतून मालकांनी जबानी दिली की वाघ उसळला तेव्हा ते माळ्यावरून पडले आणि हात खाली सापडला. खरं सांगितलं असतं तर डाव्या खांद्याचंही सांगावं लागलं असतं. हाकेकऱ्यांनी तेच सांगितलं. अमीन जेवून गेला.

वैदूनं हात बांधला पण तो जुळला नाही. बोटं वाळलेल्या शेंगांसारखी आत वळली. मालक डाव्या हातानं जेवायला लागले, सह्या करायला लागले. खंडेनवमीला घोंगडीवरून त्यांनी डाव्या हातानं शस्त्र उचललं. भटजींनी कुंकू लावलं आणि पुढचा मंत्र म्हटला. त्या साली ज्वारी नेहमीपेक्षा चांगली आली. पुढच्या उन्हाळ्यात ते नळी फांदीच्या दुबेळक्यावर टेकवून डाव्या खांद्यावरून मारायला लागले आणि जनावर जागच्या जागी पडायला लागलं. दहावी रायफल त्यांनी मागवली नाही. मला कामावरून काढलंही नाही. आम्ही एकमेकांशी कामापुरतं बोलायचो. अठ्ठेचाळीस साली सरकारनं शस्त्रं जमा करून घेतली, तोवरच्या दहा वर्षांत एकाही हाकेकऱ्याला ओरखडा आला नाही. माझा भाऊ शेवटचा.

हे पुढचं झालं. त्याआधी, आप्पारावाच्या चौदाव्याला, मी गीताबाईकडं गेलो. तिला कुणीतरी सांगावं की तिच्या नवऱ्याचा सूड घेतला गेला, आणि तो मी घेतला, असं मला वाटत होतं. ती अंगणात ज्वारी पाखडत होती. मी तिला सगळं सांगितलं. मिस्त्रीची खोली, डागलेला तळहात, गाडीत मी गप्प बसलो ते, वहीतली मापं, गवतातला खांदा, आणि मी तो हात कसा मोडला ते. तिनं सूप खाली ठेवलं. 

"बारा वर्सं तुमाला ठाव होतं, भावजी," ती म्हणाली. "एक हात मोडल्यानं माणसं वाचनार असतील, तर तवाच कामून न्हाई मोडलात?"

तिनं सूप पुन्हा हातात घेतलं. मी उठून निघालो. त्या घरात मी पुन्हा गेलो नाही.